कॅलेंडरमागच्या काचा

"मॅडम, तुम्ही मेलात तर आपल्या प्रकल्पाचं काय होणार?"

मी विचारलं आणि त्याच क्षणी माझे कान तापले. मागच्या बाकावर रुक्सारने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पैज तिचीच होती. ती आणि प्राची मधल्या सुट्टीत म्हणाल्या होत्या, "खंडागळे मॅडमना एवढं विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलतो." मी तेव्हा नववीत होते. वक्तृत्वात नुकतीच तालुक्याची ढाल आणली होती. कुणी नुसतं 'करून दाखव' म्हटलं की माझी जीभ आधी धावायची आणि अक्कल चपला शोधत मागून यायची.

मला वाटलं, आता डस्टर येणार. मॅडमचा नेम चांगला होता. पण त्या हसल्या.

"शाब्बास, हर्षदा. पुढे ये, आणि हाच प्रश्न फळ्यावर लिही."

लिहिला. मॅडम मेल्या तर? वर्ग फुटायच्या बेतात होता.

"आता त्याच्याखाली लिही. शाळा जळली तर? उंदरांनी खाल्लं तर? कुणी चोरून नेलं तर? आणि ज्यांच्या घरातून आपण माहिती आणली, त्यांनाच उद्या कुणी त्रास दिला तर?" मॅडमनी हात झटकले. "ह्याची उत्तरं आधी ठरवायची. मोजपट्टी नंतर हातात घ्यायची. गेल्या वेळी आपण उलटं केलं, आणि काय झालं ते आठवतंय ना?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं!

आमचं माळसांगवी गाव डोंगराच्या कुशीत वसलंय, असं आम्ही निबंधात लिहायचो. खरं तर डोंगर अर्धा खाऊन झाला होता. गावाच्या डोक्यावर खाण, खाणीखाली खडीचा क्रशर. दुपारी भोंगा वाजला की बायका चुलीवरचं तसंच टाकून, पाळण्यातली पोरं काखेला मारून उघड्यावर पळायच्या. मग सुरुंग. जमीन पायाखालून कुणीतरी ओढल्यासारखी व्हायची. एकदा एक दगड उडून आला तो कौसाबाईंच्या शेळीवर. शेळी उभीच होती, तिचं डोकं नव्हतं. मग ती पडली. कौसाबाई कितीतरी वेळ दावं हातात धरून तशाच बसल्या होत्या. खाणीच्या शेठची माणसं आली, म्हणाली, "शेळी भोंग्याच्या वेळी बाहेर कशाला बांधली?"

घरांच्या भिंतींना भेगा होत्याच. शेठ म्हणायचा, जुनी घरं आहेत, तडकणारच. म्हणून मॅडमनी विज्ञान प्रदर्शनासाठी विषय काढला: सुरुंगाचे हादरे आणि आपल्या भिंती. युक्ती एकदम सोपी. प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घ्यायची, भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लास्टर लावायचं. भिंत जागेवर असेल तर काच जागेवर. भिंत केसभर जरी सरकली तरी काच कट्कन तुटणार. काच रबरासारखी ताणत नाही, आणि माणसासारखी ॲडजस्टही करत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही घरोघर काचा लावून आलो आणि आठवड्याने बघायला गेलो, तर एकही काच फुटलेली नाही! सगळ्या सलामत, चकचकीत. आम्ही डोकं धरून बसलो. शेवटी कौसाबाईंनीच पोटातलं ओठांवर आणलं.

"पोरींनो, रागावू नका. तुमची ती काच आमच्याकडनं फुटली बघा. शाळेची वस्तू! म्हनून तालुक्याहून दुसरी आणून लावली."

"आणि फुटलेली?"

"फुटकी काच घरात ठेवत्यात व्हय? लक्ष्मी जाती. उकिरड्यावर टाकली."

सगळ्यांनी हेच केलं होतं. कुणी फुटकी फेकली, कुणी खिडकीची काच कापून चिकटवली, एका घरात तर फोटोफ्रेमची काच होती, कोपऱ्यात अर्धा गणपती चिकटलेला. अख्ख्या आठवड्याची माहिती गावच्या उकिरड्यावर पडली होती आणि आम्ही नाकाला रुमाल लावून तिथे उभ्या होतो.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी योजना. मॅडमच्या भाषेत, माहितीचं घर बांधायचं आणि मगच माहितीला आवतण द्यायचं. काच फुटली की त्या घरची बाई आम्हाला हाक मारेल, आम्ही फुटका तुकडा लगेच उचलू, म्हणजे लक्ष्मी पण राहील आणि तुकडा पण. तुकडा प्रयोगशाळेतल्या खोक्यात. तारीख शाळेच्या संगणकात, तीच मॅडमच्या फोनमध्ये, आणि तीच दर शनिवारी शहरातल्या त्यांच्या कॉलेजच्या सरांकडे. म्हणजे इथे काही झालं तरी तिथे राहील.

"आणि नावं?" प्राचीने विचारलं.

"नावं कुठेच नाहीत. प्रत्येकीने एक गल्ली घ्यायची. आपल्या गल्लीतल्या घरांना आपणच खोटी नावं द्यायची. खरं नाव जिचं तिच्या डोक्यात. मलासुद्धा सांगायचं नाही."

"मॅडम, आम्ही पाढे विसरतो," रुक्सार म्हणाली.

"मग असं नाव ठेवा की विसरणार नाही."

रुक्सारने हिरोंची नावं ठेवली. प्राचीने देवांची. मी भाज्यांची. भोपळा, घेवडा, वांगं, पडवळ. आमचं स्वतःचं घर कारलं, कारण आमच्या घरात सगळ्यांचीच तोंडं तशी असायची. आणि खाणीला सगळ्यात जवळचं घर, जिथे काचा सगळ्यात जास्त फुटायच्या, तो दोडका.

काचा लपवायच्या कशा, हे बायकांनीच शोधून काढलं. कॅलेंडर. भेगेवर काच, काचेवर कॅलेंडर. गावात त्या वर्षी एवढी कॅलेंडरं लागली की कुणाला वाटावं गावाला तारखांचं वेडच लागलंय. लपवणं भागच होतं, कारण अर्ध्या घरांतला पुरुष खाणीवर कामाला. माझे आप्पासुद्धा. ते डंपर चालवायचे. आईने देवघराशेजारी कॅलेंडर लावलं तेव्हा आप्पांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या प्लास्टरने माखलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "त्याच्यामागं काय हाय ते मला सांगू नका." आणि जेवायला बसले.

तुकडे जमत गेले. मॅडमनी सगळ्या तारखा एका तक्त्यावर मांडल्या. ज्या दिवशी मोठा सुरुंग, त्या दिवशी काचा फुटलेल्या. सुट्टीच्या दिवशी एक नाही. तक्ता तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला आला. फोटो निघाले. खाणीचा परवाना वाढवायचा होता, त्यासाठी मोठे साहेब गावात सुनावणीला येणार होते, आणि मॅडम तोच तक्ता तिथे ठेवणार, हे चार दिवसांत वाऱ्यासारखं पसरलं.

मग ते आले.

शनिवार होता, शाळा सुटलेली. प्रयोगशाळेत मॅडम, रुक्सार आणि मी. खोक्यातले तुकडे भाज्यांप्रमाणे लावत होतो. दाराशी गाडी थांबली. आधी विकीशेठ आत आला. हा शेठचा भाचा. पांढरा शर्ट, अत्तराचा घमघमाट, दोन्ही हात जोडलेले. त्याच्यामागे क्रशरवरचा एक अनोळखी माणूस आणि नवनाथदादा.

नवनाथदादा आमच्याच गल्लीतला. मला सायकल त्याने शिकवली होती. मागून कॅरिअर धरून पळायचा, आणि "सोडलं न्हाय, सोडलं न्हाय" म्हणत कधी सोडून द्यायचा ते कळायचंही नाही. आता तो विकीशेठचा उजवा हात झाला होता. त्या दिवशी त्याच्या हातात पहार होती. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"मॅडम, नमस्कार," विकीशेठ म्हणाला. "पोरांना चांगलं शिकवता. आमच्याबद्दल काय पण शिकवता."

"तुमच्याबद्दल नाही. भिंतींबद्दल."

"कुणाच्या भिंती तेवढं सांगा. आम्ही गिलावा करून देतो."

"ते मला माहीत नाही."

"तुमचा प्रकल्प, आन् तुम्हालाच म्हाईत न्हाय?"

"नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही."

विकीशेठने मान हलवली. एवढंच. अनोळखी माणसाने संगणक उचलून जमिनीवर आदळला, मग त्याच्यावर उभा राहून नाचल्यासारखं केलं. नवनाथदादाने कपाट पाडलं. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, बेडकाची बरणी, सगळं एका आवाजात फुटलं. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत गेला. मॅडम ओरडल्या, "अरे, पोरी आहेत इथे!" आणि पुढे झाल्या. त्यांनी नवनाथदादाची पहार धरली. त्याने ती सोडवून घेतली आणि मारली. उगारली असं म्हणत नाही मी. मारली. मॅडमनी हात आडवा घातला होता. त्या हाताचा आवाज झाला, वाळलेल्या तुराटीवर पाय पडावा तसा. त्या खाली पडताना टेबलाच्या कडेवर आपटल्या. कपाळातून रक्त भुवईवर आलं, डोळ्यात गेलं. त्या उठायला बघत होत्या आणि तो हात कोपरापुढे भलत्याच दिशेला लोंबत होता.

रुक्सार खिडकीपाशी होती. ती कधी उडी मारून गेली ते मी पाहिलं नाही. माझी वेणी विकीशेठच्या मुठीत होती.

"तू डंपरवाल्या भाऊसाहेबाची ना? तुमच्या गल्लीची यादी तुझ्याकडं असनार. बोल."

"यादीच नाही."

थोबाडीत बसली. माझ्या तोंडात खारट पाणी आलं. जिभेने चाचपलं तर दात हालत होता. मला आठवतंय, मला आधी रागच आला. भीती नाही. वाटलं, माझी ढाल घरी शोकेसमध्ये आहे आणि हा माणूस मला थोबाडीत मारतोय!

विकीशेठने खोक्यातला एक तुकडा उचलला. त्याच्यावर मी चिकटवलेली चिठ्ठी वाचली. दुसरा उचलला. तिसरा.

"भोपळा. पडवळ. वांगं. हे काय, मंडई लावलीय का?" त्याने खोकंच टेबलावर उपडं केलं. "हा सगळ्यात जास्त हाय. दोडका. कोन हाय हा दोडका? त्याचीच भिंत रोज फुटतीय वाटतं. नवनाथ, विचार तिला."

नवनाथदादाने माझं मनगट धरलं. त्याची बोटं थंड होती. माझा तळवा त्याने काचांच्या ढिगावर ठेवला.

"सांग की, हर्षे," तो हळूच म्हणाला. "नाव सांग आन् घरी जा."

"दोडका म्हणजे दोडका," मी म्हणाले. असली अक्कल होती मला.

त्याने वरून दाबलं.

काच आत जाते तेव्हा आधी दुखत नाही. आधी गार लागतं. मग आतून कुणीतरी दोरा ओढावा तसं होतं, आणि मग दुखायला लागतं ते कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, दातांपर्यंत. मी किंचाळले. माझ्या करंगळीखालून रक्त टेबलाच्या कडेला गेलं आणि ठिपकत राहिलं.

"नाव!" विकीशेठ म्हणाला.

"कोन हाय दोडका?" नवनाथदादा म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "कोन हाय तो भाडखाऊ? सांग!"

तो विचारत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. कारण दोडका तोच होता.

ती काच त्याच्याच घरातली होती. त्याची बायको, शीतलवहिनी, हिनेच मला दुपारची हाक मारून घरात घेतलं होतं. भेग पाळण्याच्या बरोब्बर वर होती, माझं बोट आत जाईल एवढी. "ह्यांना सांगू नको," वहिनी म्हणाली होती. "बचत गटाच्या बैठकीला न विचारता गेले, तर माझा हा दात गेला." तिने ओठ वर करून दाखवला होता. दाताच्या जागी काळी फट. पाळण्यात तिची लेक मुठी चोखत होती. मीच काच लावली, मीच वर कॅलेंडर अडकवलं, आणि गंमत म्हणजे ते कॅलेंडर विकीशेठच्या क्रशरचंच होतं, दिवाळीला कामगारांना वाटलेलं.

तर एक शब्द. 'तुझंच घर' एवढं म्हटलं असतं तर तो हात तिथेच सुटला असता. विकीशेठने आधी माझ्याकडे पाहिलं असतं, मग त्याच्याकडे. मग नवनाथदादा घरी गेला असता. पहार त्याच्या बाजूलाच टेकलेली होती. तो शब्द माझ्या ओठांवर येऊन उभा होता, खरं सांगते, दारात पाहुणा उभा राहावा तसा. मी दात दाबून धरले. हालणारा दात पण दाबला गेला, त्याची कळ मस्तकात गेली, आणि त्या कळेनेच मला तारलं. थोडा वेळ तरी दुसरं काही सुचलंच नाही.

त्याने पुन्हा दाबलं.

तेवढ्यात टोल वाजला.

शाळेचा टोल म्हणजे पिंपळाला टांगलेला रुळाचा तुकडा. तास संपला की एक ठोका. पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तो न थांबता वाजला तर भोंग्याशिवाय सुरुंग उडणार आहे, छपराखालून बाहेर पळा. रुक्सार दोन्ही हातांनी दगड घेऊन तो बडवत होती. घण्-घण्-घण्-घण्. आणि मग तो दुसरा आवाज आला, अख्ख्या गावाचा. दारं, पोरं, भांडी, "अगं ए, बाहेर ये!", "म्हातारीला उचला!" सगळं गाव घरातून निघून उघड्या जागेकडे धावत सुटलं. आणि आमच्या गावात सगळ्यात मोठी उघडी जागा म्हणजे शाळेचं मैदान.

विकीशेठने खिडकीतून पाहिलं. मैदान भरत होतं. गाडी मधोमध अडकली होती.

"चल, मागून," तो म्हणाला. जाता जाता त्याने बुटाने मॅडमच्या पोटात लाथ घातली, सहज, रस्त्यातली वीट बाजूला करावी तशी. नवनाथदादाने माझं मनगट सोडलं. त्याच्या तळव्यावरही रक्त होतं, पण ते माझं.

सरकारी दवाखान्यात माझ्या हाताला टाके पडले. डॉक्टर चिमट्याने एकेक कण काढत होते आणि ट्रेमध्ये टाकत होते, टिक, टिक. करंगळीची शीर कापली गेली होती. ती आजही वाकत नाही. कप धरला की एखाद्या सिनेमातल्या मॅडमसारखी ताठ उभी राहते, रुक्सार अजून चिडवते. खंडागळे मॅडम शेजारच्या खाटेवर होत्या, हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद.

"कॉलेजकडे गेलं का या आठवड्याचं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"तुम्हीच सकाळी पाठवलंत ना."

"हां," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला टाक्यांपेक्षा ते जास्त लागलं.

हवालदार आला, वही उघडून उभा राहिला. "काय झालं, बाळा, हाताला?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "काचंवर पडली. गोंधळात पळाली, पडली."

हवालदाराने ते लिहिलं. मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्या पायांकडे बघत होते. आई कोपऱ्यात पदराचं टोक चावत होती. नंतर कळलं, विकीशेठ दवाखान्याच्या फाटकात आप्पांना आधीच गाठून गेला होता. डंपरची चावी त्याने त्यांच्याच हातातून घेतली होती, आणि म्हणाला होता, पोरगी काय सांगते त्याच्यावर ही चावी परत मिळायची का नाही ते ठरेल. पडली म्हण. लहान पोरं पडतातच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी शीतलवहिनी आली. भोंगा नुकताच वाजलेला, आई बाहेर अंगणात उभी होती, मी ओट्यावर. वहिनी पोरीला काखेला मारून सरळ माझ्यापाशी आली आणि डोक्यावरचा पदर मागे केला. खालचा ओठ मधोमध फाटलेला. गळ्यावर बोटांचे वळ, निळे-काळे.

सुरुंग उडाला. आमच्या पायाखालचा ओटा हलला. मग ती बोलली.

"काल कॅलेंडर पडलं. ह्यांच्याम्होरंच."

"मग?"

"मग काय. कोनी लावली म्हनले. मी म्हनलं, मी." तिने पोरीला दुसऱ्या काखेला घेतलं. "मारलं. मारून झाल्यावर तुकडा हातात घेऊन बसले. म्हनले, सगळ्यात जास्त फुटतो त्यो दोडका म्हंजी आपलंच घर का? मी म्हनलं, मला काय ठावं, दोडका का भोपळा. तर म्हनले, हर्षीला ठावं व्हतं का? आन् मग तेवढंच. ठावं व्हतं, तरी बोलली न्हाय? तिला ठावं व्हतं? सकाळी कामावर जाईपातुर तेवढंच."

"वहिनी, मी कुणालाच तुमचं नाव—"

"म्हाईत हाय. म्हनून तर आले." तिने कमरेच्या पिशवीतून तुकडा काढला, फडक्यात गुंडाळलेला. "हा घे, तुझ्या खोक्यात टाक. आन् नाव तू सांगायचं न्हाय. उद्या सायब येनार हायत, मी जाते. माझ्या भिंतीचं मी सांगते. मार खायचा तो खाऊन झाला, आता कुनाला भ्यायचं?"

"ते परत मारतील."

"मारतील." ती म्हणाली, जसं कुणी म्हणावं की पाऊस येईल. "भाऊ येनार हाय उद्या. लेकीला घेऊन त्याच्याकडं जाते. आधी बोलते, मंग जाते."

"आणि मी... मी दादाचं नाव घेतलं तर? हाताचं?"

तिने ओठाला पदर लावला, त्यावर आलेलं रक्त पाहिलं.

"मला इचारून मारलं व्हतं का त्यानं तुला?" म्हणाली, आणि पोरीचं टोपडं सारखं करत निघून गेली.

आप्पा संध्याकाळी घरी आले. डंपर नव्हता, तरी जुन्या सवयीने त्यांनी अंगणात साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. आईने माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती, पहाटेच्या एसटीने मला मामाकडे धाडायचं दोघांचं ठरलं होतं. मामाच्या गावी शाळा आहे, तिथे दहावी होईल, असं आई माझ्याकडे न बघता सांगत होती.

"सुनावणी झाल्यावर जाईन," मी म्हणाले.

"सुनावणीत तुझं काय काम?" आप्पा म्हणाले. "तिथं मॅडम जातील, त्यांचे आकडे जातील. हवालदारानं लिव्हलंय, तू पडली. झालं ते झालं."

"मी पडले नाही, आप्पा."

"हर्षे, तोंड सांभाळ. चावी त्यांच्याकडं हाय. उद्या चूल कशी पेटायची?"

आई मध्ये आली. "अहो, हळू. आन् तू पण गप बस गं. पोरीच्या जातीनं एवढं—"

"आई, थांब. मला बोलू दे." माझा आवाज वक्तृत्वात लागायचा तसा लागला नाही. फाटका लागला. पण थांबला नाही. "आप्पा, देवघराशेजारच्या कॅलेंडरमागे काय आहे ते मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. भिंत तुमची आहे. तिचं काय बोलायचं ते तुम्ही आणि आई ठरवा, नसेल बोलायचं तर नका बोलू. पण हात माझा आहे. उद्या साहेबांसमोर मी तो वर करणार, आणि हा कुणी कापला, कुणाच्या सांगण्यावरून कापला, ते दोन्ही नावं घेऊन सांगणार."